नोकरी सोडताना कोणता शब्द लिहाल?

संध्याकाळी कामावरून येऊन चहा घेतो न घेतो तोच वस्तीतले कुणीतरी कागद घेऊन दारात उभे असते. "भाऊ, सही कुठे करायची तेवढे सांगा." सही कुठे करायची हे सगळेच विचारतात. सहीच्या वर काय लिहिले आहे, हे विचारणारे थोडे. आणि खरा घोटाळा होतो तो तिथेच.

इंग्रजीत काही शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात. बोलताना एकाच्या जागी दुसरा वापरला तर काही बिघडत नाही. पण कागदावर बदलला तर घर बसते. अशीच एक जोडी म्हणजे 'रिझाइन' आणि 'रिटायर'.

आपण बोलताना दोन्हींना "नोकरी सोडली" असेच म्हणतो. पण रिझाइन करणे म्हणजे राजीनामा देणे, नोकरीशी नाते तोडून बाहेर पडणे. रिटायर होणे म्हणजे सेवेतून निवृत्त होणे. यात नोकरी संपते, पण केलेली सेवा हिशेबात राहते. वयाआधी स्वतःहून निवृत्त व्हायचे असेल तर त्याला 'व्हॉलंटरी रिटायरमेंट', म्हणजे स्वेच्छानिवृत्ती म्हणतात.

या फरकाची किंमत किती, ते दिल्लीच्या वीज खात्यातील एका शिपायाच्या खटल्यात दिसते. हा माणूस १९६८ साली रोजंदारी मजूर म्हणून लागला आणि १९७१ साली शिपाई म्हणून कायम झाला. जुलै १९९० मध्ये त्याने राजीनामा दिला व तो मंजूरही झाला. पुढे त्याला पेन्शन नाकारली गेली. त्याचे म्हणणे असे की, माझी वीस वर्षांची नोकरी झाली आहे, तेव्हा माझा राजीनामा स्वेच्छानिवृत्तीच समजा. उच्च न्यायालयाने ते मान्य केले. पण डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. राजीनामा दिला की नियमाप्रमाणे मागची सेवा जप्त होते. मग वीस वर्षे भरली की नाही हा प्रश्नच उरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मजुरीपासूनची सारी वर्षे एका शब्दाने पुसली गेली.

हे फक्त दिल्लीपुरते नाही. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतही तसेच आहे. नियम ४६ प्रमाणे राजीनाम्याने मागील सेवा जाते. पूर्वपरवानगीने दुसऱ्या सरकारी नोकरीत जाण्यासाठी दिलेला राजीनामा तेवढा अपवाद. नियम ६६ प्रमाणे मात्र वीस वर्षांची पात्र सेवा झालेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकतो. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेले आणि जुन्या पेन्शनखाली असलेले आपले अनेक बंधू-भगिनी आजही सेवेत आहेत. आजारपणाला कंटाळून किंवा साहेबाच्या बोलण्याने चिडून त्यांनी रागाच्या भरात "राजीनामा देतो" असे लिहून देऊ नये. आधी सेवापुस्तक पाहावे, वर्षे मोजावीत, मग अर्ज करावा. अर्जात 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द व नियमाचा क्रमांक स्पष्ट घालावा.

खाजगी कारखान्यातल्या कायम कामगारांनी उगाच घाबरू नये. सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटीचा हक्क जात नाही. प्रॉव्हिडंट फंडात साठलेला पैसाही आपलाच राहतो.

अशाच आणखी दोन जोड्या घरात सर्वांना माहीत असाव्यात.

'विटनेस' आणि 'गॅरंटर'. विटनेस म्हणजे साक्षीदार. समोरच्याने माझ्यादेखत सही केली, एवढेच तो सांगतो. गॅरंटर म्हणजे जामीनदार. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे, मग माझ्याकडे यावे, असे जामीनदाराला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच सांगितले आहे. मित्र म्हणाला, "नुसती साक्षीची सही कर," तरी सहीखाली कोणता शब्द छापला आहे ते पाहा.

'नॉमिनी' आणि 'लीगल एअर'. नॉमिनी म्हणजे आपल्या पश्चात पैसे स्वीकारण्यासाठी नेमलेली व्यक्ती. लीगल एअर म्हणजे कायदेशीर वारस. विम्याचा नॉमिनी पैसे घेतो, पण त्यावर वारसांचा हक्क राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली दिला. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केल्यास विम्याच्या रकमेवर त्यांचाच हक्क मानला जातो. पण ही सोय विम्याची आहे. बँकेतील ठेवीला ती लागू नाही. लग्नाआधी भावाचे नाव घातले असेल तर आज ते बदलून घ्या, आणि मनात काही वेगळी वाटणी असेल तर मृत्युपत्र करा.

वाचकहो, हे कळायला मोठी पदवी लागत नाही. मुलगी नववी-दहावीत असेल तर येत्या रविवारी घरातला एखादा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवा. प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ तिला डिक्शनरीत पाहायला लावा आणि मोठ्याने वाचायला सांगा. तिचे इंग्रजी सुधारेल आणि आई-बापाला आपण कशावर सही करतो ते कळेल. आणि कुणी घाई केली, "अहो करा सही, सगळे करतात," तर शांतपणे सांगा : कागद एक दिवस घरी नेतो, वाचून उद्या आणतो.