मुक्काम पोस्ट काशगर

पत्रावर गावाच्या नावाआधी आपण 'मु. पो.' लिहितो. त्यातला मुक्काम हा शब्द मूळचा अरबी. हिमालय आणि काराकोरमच्या रांगा ओलांडून उत्तरेला गेलो, तर तोच शब्द 'मुकाम' होऊन पुन्हा भेटतो. मात्र तिथे त्याचा अर्थ उतरण्याची जागा असा नसून गाणे असा आहे. उइगुर लोक आपल्या शास्त्रीय संगीतातील मोठ्या रचनांना मुकाम म्हणतात. असे बारा मुकाम आहेत आणि ते सगळे गायला वीस तासांहून अधिक वेळ लागतो.

या लोकांचा प्रदेश म्हणजे जुन्या नकाशांतले सिंकियांग, आजच्या चीनचा शिंजियांग उइगुर स्वायत्त प्रदेश. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६ लाख ६० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्मे. मधोमध तिएनशान पर्वत आणि त्याच्या दक्षिणेला तकलामकानचे वाळवंट, तेही आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठे. वाळवंटाला तिएनशान, पामीर आणि कुनलुन या पर्वतांनी तीन बाजूंनी वेढले आहे. बर्फ वितळून खाली येणाऱ्या पाण्यावर काठाकाठाने गावे वसली. तुर्फान, कुचा, काशगर, यारकंद, खोतान ही त्यांतली नावाजलेली. रेशीममार्गाचे तांडे याच गावांतून पुढे जात. २०२० च्या जनगणनेनुसार उइगुरांची संख्या सुमारे १ कोटी १६ लाख आहे. त्यांची भाषा तुर्की कुळातली, धर्म इस्लाम आणि लिपी अरबी वळणाची.

जमिनीखालची नदी

प्रवासाची सुरुवात तुर्फानपासून करावी. येथील आयदिंग सरोवर समुद्रसपाटीपेक्षा १५४ मीटर खाली आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पाऊस नावापुरता पडतो आणि तरीही गाव द्राक्षांच्या मांडवांनी झाकलेले असते. ही किमया 'कारेझ'ची. डोंगराच्या पायथ्याशी विहिरी खणून भूजल गाठायचे, त्या विहिरी जमिनीखालून बोगद्याने एकमेकींना जोडायच्या आणि उतार असा साधायचा की पाणी आपसूक वाहत गावापर्यंत यावे. ना मोट, ना पंप! पाणी जमिनीखालून येत असल्याने ऊन ते पिऊन टाकत नाही. एकेकाळी येथे हजारावर कारेझ होते. कूपनलिका आल्या, भूजल खोल गेले आणि त्यांतले बरेच आटले.

आपल्या वाचकांना याचा नमुना पाहायला तुर्फानला जायचीही गरज नाही. बिदरजवळ नौबादला बहामनी काळातला कारेझ आहे, बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही त्याच जातीचा. कूपनलिकेची गोष्ट तर आपल्या गावागावांतली.

तुर्फानमधील बेदाण्याची कोठारेही पाहावीत. विटांच्या जाळीदार भिंतींतून गरम वारा आत खेळतो आणि द्राक्षे सावलीतच सुकतात. ऊन थेट लागत नाही, म्हणून बेदाण्याचा हिरवा रंग टिकतो. तासगाव-विजापूरकडच्या बागायतदाराला इथे दोन घटका थांबावेसे वाटेल.

ह्युएन त्संगची वाट

पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करणारा ह्युएन त्संग आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. भारतात येताना तो याच वाटेने आला. तुर्फानजवळच्या गाओचांगच्या राजाला तो इतका आवडला की राजा त्याला पुढे सोडीना. शेवटी ह्युएन त्संगने अन्न वर्ज्य केले, तेव्हा राजा नमला आणि वाटेतल्या राजांना पत्रे, सोबत माणसे व सोने देऊन त्याला निरोप दिला. परतताना येथे तीन वर्षे राहीन, असे वचन त्याने राजाला दिले होते. पण ६४० मध्ये तांग फौजांनी गाओचांग जिंकून घेतले. वचन ज्याला दिले, तो राजाच उरला नाही. परतीला ह्युएन त्संग काशगर-खोतानच्या दक्षिण वाटेने गेला. गाओचांगच्या मातीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत आणि २०१४ पासून त्या जागतिक वारशात गणल्या जातात.

पुढे कुचा. बौद्ध ग्रंथांचा थोर भाषांतरकार कुमारजीव इथलाच. त्याचे वडील भारतीय, आई कुचाच्या राजघराण्यातली. जवळच्या किझिल लेण्यांतली भित्तिचित्रे पाहताना अजिंठा आठवल्याशिवाय राहत नाही. १८९० मध्ये याच परिसरात भूर्जपत्रावरची एक संस्कृत पोथी सापडली. 'बॉवर हस्तलिखित' म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि तिच्यात लसणाच्या औषधी गुणांपासून आयुर्वेदाची माहिती आहे.

उइगुर मात्र या भागात नवव्या शतकात, मंगोलियातले त्यांचे राज्य ८४० मध्ये कोसळल्यानंतर मोठ्या संख्येने आले. आधी मानी आणि बुद्ध यांचे अनुयायी असलेले हे लोक पुढे टप्प्याटप्प्याने मुसलमान झाले. जुन्या वस्तीत ते मिसळले. त्यामुळे आजच्या उइगुर चेहऱ्यांत पूर्वही दिसते आणि पश्चिमही.

काशगर, खोतान आणि पामीर

काशगर हे या संस्कृतीचे हृदय. १४४२ मधली इदगाह मशीद, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची गल्ली, चौकोनी भरतकामाच्या 'दोप्पा' टोप्या आणि गुरांचा आठवडी बाजार यांसाठी लोक इथे येतात. भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेला 'सम्सा' हा आपल्या समोशाचा भाऊबंद. गाजर आणि मटण घालून शिजवलेला 'पोलो' म्हणजे पुलाव. हाताने ताणलेल्या 'लघमन' शेवया मात्र आपल्याकडे नाहीत. बाजारात कान उघडे ठेवले तर बाजार, कलम, बदाम, हवा, दोस्त असे शब्द ओळखीच्या सुरात ऐकू येतात. फारसी-अरबीतून ते तिकडेही गेले आणि मराठीतही आले.

अकराव्या शतकातला महमूद काशगरी याच मातीतला. त्याने बगदादमध्ये तुर्की बोलींचा अरबी भाषेत पहिला मोठा कोश रचला. त्याची कबर काशगरजवळ ओपाल येथे आहे.

खोतान रेशमासाठी आणि जेडच्या दगडासाठी प्रसिद्ध. येथे राणी म्हणून आलेल्या एका चिनी राजकन्येने मुकुटात रेशीमकिड्यांची अंडी लपवून आणली, ही कथा ह्युएन त्संगनेही नोंदवली आहे. खोतानच्या 'अत्लस' रेशमावरची पसरट नक्षी आपल्या इक्कतसारखीच धागा आधी बांधून रंगवून केलेली असते.

काशगरहून पाकिस्तानकडे निघणारा काराकोरम महामार्ग पामीरमध्ये चढतो. वाटेत ३,६०० मीटर उंचीवर काराकुल सरोवर आणि मागे साडेसात हजार मीटरचे मुझताघ अता शिखर. पुढे ताजिकांचे ताश्कुरगान आणि शेवटी ४,६९३ मीटरवरची खुंजेराब खिंड. या भागाला परवाना लागतो आणि उंचीचा त्रास होतो. त्यामुळे एका दिवसात धावत जाऊन येण्याचा हट्ट धरू नये.

जे पाटीवर लिहिलेले नसते

इथवर सारे सहलीच्या माहितीपुस्तकात मिळेल. पण आज शिंजियांगबद्दल लिहायचे आणि एवढ्यावर थांबायचे, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२००९ पासून काशगरचे जुने शहर पाडून पुन्हा बांधण्यात आले. भूकंपात मातीची घरे टिकणार नाहीत, हे सरकारचे कारण. कारण खोटे म्हणता येणार नाही, कारण हा पट्टा भूकंपाचाच आहे. पण नव्या विटांचे 'जुने शहर' आता प्रवेशद्वार आणि रोषणाई असलेले प्रेक्षणीय स्थळ झाले आहे. इदगाह मशिदीत पर्यटक तिकीट काढून जातात. अनेक मशिदी आणि पीरांच्या दर्गाहसारखे 'मझार' बंद पडले किंवा पाडले गेले, हे उपग्रहचित्रांतून दिसले आहे.

२०१७ पासून मोठ्या प्रमाणावर उइगुरांना छावण्यांत डांबले गेले. चीन सरकारच्या म्हणण्यानुसार ती दहशतवाद रोखण्यासाठीची व्यवसाय-प्रशिक्षण केंद्रे होती आणि ती बंद झाली आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कार्यालयाने मात्र ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात, येथील प्रकार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असे म्हटले. चीनने तो अहवाल फेटाळला. शाळांतून उइगुर माध्यमही मागे सारले गेले. मूल घरी एका भाषेत बोलते आणि शाळेत दुसऱ्या भाषेत शिकते, याचा अर्थ सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला एक नाव विसरता येत नाही. राहिले दावुत. शिंजियांग विद्यापीठातील या लोकसाहित्याच्या प्राध्यापिका गावोगावच्या मझारांवर फिरून कथा, गाणी आणि यात्रांच्या चालीरीती गोळा करीत. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या किंवा खंडोबाच्या कथा गोळा करतात, तसेच हे काम. डिसेंबर २०१७ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये जगाला कळले.

दुसरीकडे, मुकाम युनेस्कोच्या यादीत २००५ मध्येच आले होते. 'मेश्रेप' ही उइगुरांची गाण्या-नाचण्याची आणि न्यायनिवाड्याचीही बैठक २०१० मध्ये 'तातडीने जपण्याच्या' यादीत गेली. म्हणजे व्यासपीठावर मुकाम वाजतो आहे, तो ऐकायला पर्यटकांची रीघ लागली आहे आणि ज्यांनी तो वारसा नोंदवला त्यांच्यापैकी काही तुरुंगात आहेत.

मग जावे की नाही?

याचे एकच उत्तर नाही. आपण जाण्याने सारे काही ठीक असल्याचा देखावा पक्का होतो, असे काही जण म्हणतात. न जाण्याने ती माणसे आणखी एकटी पडतात, असे इतरांचे मत. जायचे ठरले तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. भारत-चीन थेट विमानसेवा २०२० नंतर बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. पासपोर्ट सदैव जवळ ठेवावा, तो वारंवार विचारला जातो. भेटीची वेळ ठरवताना बीजिंगची की स्थानिक, हे विचारून घ्यावे, दोन्हींत दोन तासांचा फरक आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्थानिक माणसाला राजकारणाबद्दल प्रश्न विचारू नयेत, त्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. आपले कुतूहल चार दिवसांचे असते. आपण विमानात बसतो, उत्तर देणारा तिथेच राहतो. त्यापेक्षा त्याच्या भट्टीवरची गरम रोटी विकत घ्यावी, त्याच्याच भाषेत 'रहमेत' म्हणावे. त्याचा अर्थ 'आभार'. एवढा एक शब्द पाठ करून गेले तरी पुष्कळ.