विश्लेषण : गरोदरपणातील प्रदूषित हवेचा मुलांच्या मनावर परिणाम होतो का?

प्रदूषित हवेमुळे दमा आणि हृदयविकार बळावतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण आई गरोदर असताना ज्या हवेत श्वास घेते, तिचा संबंध मुलाच्या तरुणपणीच्या मानसिक आरोग्याशीही असू शकतो, असे संशोधन सांगते.

अभ्यास कोणता?

इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा मागोवा 'चिल्ड्रन ऑफ द नाइन्टीज' हा प्रकल्प घेत आला आहे. त्यातील ९ हजारांहून अधिक जणांच्या घराच्या पत्त्यांवरून तिथल्या हवेचा आणि आवाजाचा अंदाज बांधला गेला. वयाच्या १३, १८ आणि २४ व्या वर्षी त्यांची मानसिक स्थिती नोंदवली गेली. निष्कर्ष २०२४ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये प्रसिद्ध झाले.

काय आढळले?

गरोदरपणात हवेतील 'पीएम २.५' हे सूक्ष्म कण घनमीटरमागे केवळ ०.७२ मायक्रोग्रॅमने जास्त असले, तर मुलांमध्ये पुढे भास होण्यासारख्या अनुभवांची शक्यता ११ टक्क्यांनी, तर नैराश्याची १० टक्क्यांनी अधिक दिसली. बालपणी आणि किशोरवयात कानावर पडणाऱ्या गोंगाटाचा संबंध मात्र चिंताविकाराशी आढळला.

याचा अर्थ काय?

११ टक्के मुले आजारी पडली, असा याचा अर्थ नाही. मुळात जी शक्यता होती, ती तेवढ्या प्रमाणात वाढलेली दिसली. शिवाय कधीतरी भास होणे म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. कुटुंबातील मानसिक आजार, आर्थिक स्थिती असे घटक संशोधकांनी विचारात घेतले होते. तरीही अशा निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

हवा मेंदूपर्यंत कशी पोहोचते?

हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके असतात. ते फुफ्फुसातून रक्तात उतरू शकतात. बेल्जियममधील संशोधकांना २०१९ मध्ये वारेच्या गर्भाकडील बाजूतही काजळीचे कण सापडले. मेंदूची जडणघडण सुरू असताना शरीरात होणारा दाह त्या घडणीत अडथळा आणत असावा, असे मानले जाते.

आपल्यासाठी याचे महत्त्व काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. भारताची मर्यादा ४० आहे, म्हणजे आठपट. ब्रिस्टलचे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत, पण प्रश्न इथे अधिक गंभीर आहे.

गरोदर स्त्रीला चुलीच्या आणि सिगारेटच्या धुरापासून दूर ठेवणे घरच्यांच्या हातात आहे. हमरस्त्यालगतच्या घरात राहणाऱ्या आईला मात्र हवा निवडता येत नाही. वाहने, कारखाने, बांधकामांची धूळ आणि जाळला जाणारा कचरा यांना आवर घालणे हे सरकारचे आणि महापालिकांचेच काम आहे.