मेंदूचे छायाचित्र आणि नातेवाइकांचा प्रश्न

चिंचोळी औद्योगिक वसाहत सोलापूर-पुणे महामार्गालगत वसलेली आहे. पाळी सुटली की कामगारबंधू दुचाकीवरून याच रस्त्याला लागतात आणि गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्याही याच परिसरातून जातात. या रस्त्यावर डोक्याला जबर मार बसलेला रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल झाला की बाहेर बसलेले नातेवाईक एकच प्रश्न विचारतात : "डॉक्टरसाहेब, स्कॅनमध्ये काय दिसलं? आमचा माणूस शुद्धीवर येईल ना?" या प्रश्नाचे उत्तर मेंदूच्या छायाचित्रातून कितपत मिळते, हे आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तस्वकीय यांना समजावे, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

प्रथम रुग्ण, मग छायाचित्र

छायाचित्राआधी रुग्णाची तपासणी होते. ग्लासगो येथील टीझडेल व जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली मांडलेल्या मापनपद्धतीत डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलविणे यांना गुण दिले जातात. कमीत कमी गुण ३, जास्तीत जास्त १५. वरवर सोपी वाटणारी ही पद्धत आपल्या जिल्ह्यात विशेष काळजीने वापरावी लागते. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा घराघरांत बोलल्या जातात. तेलुगू मातृभाषा असलेल्या रुग्णाला अर्धवट शुद्धीत मराठीतून प्रश्न विचारला आणि तो गप्प राहिला, तर त्याचे गुण विनाकारण कमी होतात. म्हणून रुग्ण घरी कोणती भाषा बोलतो, हे नातेवाइकांनी आपण होऊन सांगावे, अशी आमची विनंती आहे.

सीटी स्कॅन काय सांगतो

सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो. ताजे रक्त त्यात पांढरे दिसते, मेंदू करडा आणि मेंदूभोवतीचे पाणी काळसर दिसते. डॉक्टर मुख्यत्वे तीन गोष्टी पाहतात : रक्ताची गाठ आहे काय व ती केवढी आहे, मेंदूची मध्यरेषा एका बाजूस सरकली आहे काय, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या जागा मोकळ्या आहेत की दाबल्या गेल्या आहेत. या जागा नाहीशा होणे, हे कवटीतील दाब वाढल्याचे चिन्ह होय. १९९१ सालचे मार्शल वर्गीकरण आणि २००५ सालची रॉटरडॅम गुणपद्धती याच निरीक्षणांवर उभी आहे. कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये साचलेली गाठ वेळेवर काढली, तर रुग्ण पुष्कळदा चांगला सुधारतो. यासाठीच पहिल्या काही तासांचे मोल सर्वाधिक असते.

तथापि स्कॅन जवळजवळ निर्दोष असूनही रुग्ण शुद्धीवर येत नाही, असेही घडते. डोके वेगाने फिरल्याने मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले व तुटले जातात आणि ही इजा सीटीमध्ये बहुधा दिसत नाही. एमआरआयमध्ये तिच्या खुणा अधिक स्पष्ट दिसतात. इजा जितकी खोल, विशेषतः मेंदूच्या देठापर्यंत पोहोचलेली, तितकी सुधारणा कठीण व सावकाश होते. परंतु या तपासणीस वेळ लागतो आणि कृत्रिम श्वासावरील रुग्णास तेथे नेणे जोखमीचे असते. त्यामुळे ती बहुधा प्रकृती स्थिर झाल्यावरच केली जाते.

भाकीत समूहाचे, रुग्ण एकटा

२००८ साली 'क्रॅश' या आंतरराष्ट्रीय अभ्यासातील १०,००८ रुग्णांच्या माहितीवरून भाकिताचे एक गणित प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते, म्हणून आपल्यासाठी ते अधिक उपयोगाचे आहे. वय, ग्लासगो गुण, बाहुल्यांचा प्रकाशाला प्रतिसाद, शरीरावरील इतर मोठ्या जखमा आणि स्कॅनमधील निष्कर्ष यांवरून चौदा दिवसांतील मृत्यूची आणि सहा महिन्यांनंतर प्रतिकूल परिणामाची शक्यता ते वर्तविते.

या उत्तराचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावयास हवा. समजा, प्रतिकूल परिणामाची शक्यता सत्तर टक्के आली. याचा अर्थ असा की तशाच शंभर रुग्णांपैकी सुमारे सत्तर जण गंभीर अपंगत्वात राहतील किंवा दगावतील, तर तीस जण स्वतःचे व्यवहार पाहण्याइतके बरे होतील. समोरच्या खाटेवरील रुग्ण सत्तरांतला की तीसांतला, हे गणित सांगू शकत नाही. शिवाय भाकीत निराशेचे आले म्हणून उपचार सैल केले, तर उपचारांच्या अभावी ते भाकीत खरेच ठरते. या सापळ्यापासून आम्ही सतत सावध असतो.

अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ साली असे मार्गदर्शन केले की, दुखापतीनंतरच्या पहिल्या २८ दिवसांत अशा रुग्णांबाबत सरसकट निराशाजनक विधान करू नये. त्यास पुष्टी देणारा अभ्यास तेथेच २०२१ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांनंतरही भानाची कोणतीच खूण नसलेल्या रुग्णांपैकी जे वाचले, त्यांतील सुमारे ७८ टक्के वर्षभरात शुद्धीवर आले. मात्र स्थळकाळाचे भान तपासता आलेल्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांशच तेथवर पोहोचले. म्हणजे आशा खरी आहे, परंतु तिची मर्यादाही तितकीच खरी आहे. नातेवाइकांना दोन्ही गोष्टी सांगणे, हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रतीक्षेचा खर्च

स्कॅनचा खर्च एकदा होतो. प्रतीक्षेचा खर्च रोज होतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीवाटे अन्न, छातीतील कफाची निगा, सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम आणि घरच्यांना शुश्रूषेचे शिक्षण यांतले काहीही छायाचित्रात दिसत नाही, पण रुग्ण पुढे कसा जगेल हे याच गोष्टींवर पुष्कळसे अवलंबून असते. घरातील कमावता माणूस खाटेवर असताना तिसऱ्या आठवड्यात घरच्यांचे पैसे संपतात आणि त्याला घरी नेण्याचा निर्णय मेंदूच्या स्थितीवरून नव्हे, तर खिशावरून घेतला जातो. हे दुःख आम्हांस सर्वाधिक सलते.

म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे : यंत्रासाठी दिलेले दान आम्हांस मोलाचेच आहे, पण प्रतीक्षेच्या दिवसांसाठी दिलेले दान रुग्णाला काळ मिळवून देते. नातेवाइकांना सांगणे इतकेच की, पहिल्या छायाचित्रावरून शेवटचा निर्णय घेऊ नका. तपासणी पुन्हा होईल आणि जे दिसेल ते तुमच्या भाषेत, काहीही न लपविता, सांगितले जाईल. आणि कामावर निघणाऱ्या प्रत्येक बंधूस व भगिनीस आग्रहाची सूचना : हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधूनच रस्त्याला लागा.