परक्या लायब्ऱ्यांचा बंदोबस्त

२२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची आज्ञावली, जिचे कार्य मजकुराच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा वा शून्ये भरण्यापलीकडे काहीही नव्हते, ती तिच्या कर्त्याने एका नावावरून उद्भवलेल्या तंट्यापायी ‘एनपीएम’ या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. आणि तिच्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष विसंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची जुळणी, त्यांच्या स्वतःच्या मजकुरात एका अक्षराचाही फरक झालेला नसताना, एकाएकी ठप्प झाली. भांडाराच्या चालकांनी सुमारे २ तासांत ती आज्ञावली पूर्ववत केली खरी. परंतु या प्रसंगाने परक्या लायब्ऱ्यांवरील, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार आज्ञावल्यांवरील, परावलंबनाचे स्वरूप स्पष्ट झाले.

हे परावलंबन चाचणीलाही बाधते: स्वयंचलित चाचणी अनुत्तीर्ण झाली असता दोष आपल्या आज्ञावलीतच आहे, हा निष्कर्ष इतर सर्व घटक स्थिर असतील तेव्हाच प्रमाण ठरतो. दर वेळी परकी लायब्ररी नव्या आवृत्तीत उतरवून घेतली जात असेल, तर आपण नेमकी कशाची परीक्षा घेत आहोत हेच अनिश्चित राहते. यास्तव प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती आणि तिच्या आशयाची अंकखूण (हॅश) ‘लॉक फाइल’ या नोंदपत्रात दाखल करावी, आवश्यक प्रती स्वतःच्या भांडारात जतन कराव्यात, आणि आवृत्तीबदल हे स्वतंत्र कार्य मानून संपूर्ण चाचणीनंतरच तो मंजूर करावा. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या आवृत्त्यांतूनच येत असल्यामुळे, एकदा केलेली नोंद कायम गोठवून ठेवणे हाही प्रमादच होय. उसन्या घेतलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी, ती लिहिणाऱ्याइतकीच, वापरणाऱ्याचीही आहे.