‘स्वस्त’ मंगळयान आणि सामायिकाचा हिशेब

मंगळयानाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात एक विशेषण हमखास आढळते : ‘स्वस्त’. सुमारे ४५० कोटी रुपयांच्या या मोहिमेची तुलना ‘ग्रॅव्हिटी’ या हॉलिवूडपटाच्या खर्चाशी झाली आणि ती विद्यार्थ्यांच्या निबंधांतही उतरली. मी साहित्याचा अध्यापक आहे. तरी उत्तरपत्रिकेत हा शब्द आला की तिथे थांबावेसे वाटते. त्यातून मोहिमेची किंमत कळते, पण ती कशी चालवली हे कळत नाही. त्यासाठी आपल्याकडे अधिक नेमका शब्द आहे : ‘सामायिक’.

सामायिक विहीर म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. विहीर एकदाच खणली जाते, पाणी अनेकांच्या रानात जाते आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. मंगळयानामागे अशा बऱ्याच विहिरी होत्या.

बेंगळुरूजवळच्या ब्यालाळू येथे १८ आणि ३२ मीटर व्यासाच्या दोन मोठ्या अँटेना आहेत. त्या २००८ च्या चांद्रयान-१ मोहिमेसाठी उभारल्या गेल्या. मंगळयानाशी संवाद त्यांवरूनच झाला. त्या बांधण्याचा मूळ खर्च त्याच्या खात्यावर पडला नाही. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी त्याला नेणारा पीएसएलव्ही अग्निबाणही रुळलेला होता. ते त्याचे पंचविसावे उड्डाण होते.

पण पृथ्वी फिरते, त्यामुळे एकाच ठिकाणाहून मंगळ दिवसाचे काही तासच दिसतो. उरलेल्या वेळेसाठी इस्रोने नासाशी करार केला. कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलिया येथील नासाच्या अँटेना अनेक मोहिमांना पाळीपाळीने वेळ देतात. त्यात मंगळयानालाही जागा मिळाली. नासाचे स्वतःचे मावेन यान त्याच्या दोनच दिवस आधी मंगळाच्या कक्षेत पोहोचले होते.

अग्निबाणाचा शेवटचा टप्पा दक्षिण प्रशांत महासागरावर पेटणार होता. तिथे केंद्र बांधण्याऐवजी शिपिंग कॉर्पोरेशनच्या ‘नालंदा’ व ‘यमुना’ या जहाजांवर अँटेना बसवल्या. खराब हवामानामुळे ‘नालंदा’ला उशीर झाला आणि २८ ऑक्टोबरचे उड्डाण आठवडाभर पुढे गेले. सामायिक साधनांत दुसऱ्याची वाट पाहावी लागते, ती अशी.

हाताशी असलेल्या अग्निबाणाची ताकदही मर्यादित होती. तो यानाला थेट मंगळाकडे धाडू शकत नव्हता. म्हणून यानाने स्वतःचे इंजिन पुन्हा पुन्हा पेटवून पृथ्वीभोवतीची कक्षा लांबवत नेली आणि १ डिसेंबरला मंगळाची वाट धरली. सुमारे १३४० किलोंच्या यानात साडेआठशे किलोंच्या आसपास इंधनच होते. वैज्ञानिक उपकरणे पाच, वजन अवघे पंधरा किलो. काटकसरीची ही किंमत विज्ञानाने मोजली, हेही सांगायला हवे.

मंगळापाशी तर मदतीलाही मर्यादा होती. संदेश एका बाजूने पोहोचायलाच बारा मिनिटांहून अधिक लागत. त्यामुळे २४ सप्टेंबर २०१४ च्या आज्ञा यानात आधीच भरून ठेवल्या होत्या. सुमारे तीनशे दिवस निजलेले मुख्य इंजिन दोन दिवस आधी चार सेकंद पेटवून पाहिले, आणि मग कक्षेत शिरण्याचे काम यानाने स्वतः पार पाडले. सहा महिन्यांसाठी योजलेले हे यान पुढे सात वर्षांहून अधिक काळ कामात राहिले.

शब्दाचा आग्रह मी धरतो तो यासाठी. ‘स्वस्त’ वाचणाऱ्याला वाटते की कुणीही, कधीही, एवढ्याच पैशांत मंगळ गाठू शकेल. मग नवी अँटेना किंवा नवी प्रयोगशाळा मागणारा त्याला उधळ्या भासतो. प्रत्यक्षात आधीच्या पिढीने खणलेल्या विहिरींमुळेच पुढचा खर्च कमी झाला. शिक्षकांनी हा धडा शिकवताना ४५० कोटींत काय आले याबरोबरच काय धरलेले नाही, याची यादीही विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. निबंधात ‘स्वस्त’ऐवजी ‘काटकसरीची’ हा शब्द मग ते आपणहून लिहितील.