पत्रा शाबूत, म्हणून धोका नाही?

ॲस्बेस्टॉस जळत नाही, गंजत नाही आणि स्वस्त आहे. म्हणूनच सिमेंटमध्ये हे खनिज मिसळून केलेले पत्रे आपल्याकडे गोठ्यापासून कारखान्यापर्यंत पोचले. पण त्याच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे ब्रिटनच्या कारखाना निरीक्षकांनी 1930 मध्येच सरकारला कळवले होते. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधक वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसावरणाच्या दुर्मीळ कर्करोगाचे 33 रुग्ण नोंदवले. त्यांतले कित्येक ॲस्बेस्टॉसच्या खाणीत कधी उतरलेच नव्हते, नुसते खाणीच्या आसपास राहिले होते. तरीही ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी यायला 1999 उजाडले. रोग उमटायला वीस-चाळीस वर्षे लागतात, आणि या विलंबाचा फायदा उद्योगाने पुरेपूर घेतला.

सिमेंटमध्ये घट्ट बसलेला पांढरा ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असतो, असा युक्तिवाद आजही होतो. शाबूत पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत, हे खरे. पण हुकासाठी भोक पाडताना, करवतीने कापताना, वादळात फुटल्यावर ते सुटतातच, आणि ते श्वासात घेतो तो रोजंदारीवरचा मजूर. शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सर्वच प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. गरिबाला परवडणारे छप्पर हवे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंट पत्रे आणि धातूचे पत्रे बाजारात मिळतात. साठाहून अधिक देशांनी बंदी घातली असताना भारतात आयात सुरूच आहे. ती थांबेपर्यंत घरचा जुना पत्रा कोरडा कापू नका, फोडू नका, झाडूने त्याचा चुरा झाडू नका.