गरजेचा सिद्धांत आणि पाकिस्तानचे हरवलेले संविधान

पाकिस्तानचा विषय निघाला की आपल्याकडे एक तर शिवीगाळ होते, नाही तर क्रिकेट निघते. त्या देशात लोकशाही का रुजली नाही असे विचारले, तर मनुवादी पंडितांचे उत्तर तयारच असते : मुसलमानांचे आणि लोकशाहीचे जमत नाही. हे उत्तर आळशी तर आहेच, पण खोटेही आहे. तेथील न्यायनिवाडे वाचले तर लोकशाहीचा गळा कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कायदेशीर शब्दांनी आवळला हे स्पष्ट दिसते. आम्ही वकिली करणारे, म्हणून आम्ही त्याच वाटेने जाणार आहोत.

आंबेडकरी वाचकांना हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. 1946 साली काँग्रेसने बाबासाहेबांसाठी मुंबई प्रांतातून संविधान सभेची दारे बंद केली, तेव्हा त्यांना बंगालमधून निवडून आणण्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल यांनी जिवाचे रान केले. पुढे बाबासाहेब भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि मंडल पाकिस्तानचे. 10 ऑगस्ट 1947 रोजी कराचीत पाकिस्तानची संविधान सभा प्रथम भरली, तेव्हा हंगामी अध्यक्षाच्या खुर्चीवर हा नमोशूद्र नेता बसला होता. दुसऱ्याच दिवशी जिनांनी त्या सभागृहात सांगितले की, नागरिकाचा धर्म, जात वा पंथ कोणता याच्याशी राज्यकारभाराला कर्तव्य नाही. मंडल यांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला.

बाबासाहेबांनी ठेवला नाही. नोव्हेंबर 1947 मध्येच त्यांनी पाकिस्तानातील अस्पृश्यांना भारतात येण्याचे जाहीर आवाहन केले. हे लोक गेले तर सफाई कोण करणार, म्हणून त्यांना तेथे अडवून ठेवले जात होते. ही तक्रार त्यांनी नेहरूंकडे लेखी केली. सप्टेंबर 1948 मध्ये जिना वारले. मार्च 1949 मध्ये संविधान सभेने ‘उद्दिष्टांचा ठराव’ मंजूर करून सार्वभौमत्व अल्लाचे ठरविले. 1950 च्या दंगलींत पूर्व बंगालमधील हिंदू आणि नमोशूद्र होरपळले, पोलीस व लष्करही अत्याचारात मागे नव्हते. ऑक्टोबर 1950 मध्ये मंडल यांनी भारतात येऊन लियाकत अलींना प्रदीर्घ राजीनामापत्र पाठविले. ते पत्र आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावे.

तोपर्यंत आपल्याकडे संविधान लागूही झाले होते. पाकिस्तानात मात्र मसुद्यावर मसुदे पडत होते. केवळ धर्माच्या वादामुळे? आमचे मत तसे नाही. खरी अडचण अंकगणिताची होती. देशातील निम्म्याहून अधिक लोक पूर्व बंगालमध्ये राहत होते. लष्कर, नोकरशाही आणि जमीन मात्र पश्चिमेच्या, मुख्यतः पंजाबच्या, मूठभर घराण्यांच्या हातात होती. एक माणूस, एक मत हे तत्त्व आले की सत्ता ढाक्याकडे जाणार! बहुसंख्य कष्टकऱ्यांच्या मताची ही धास्ती आपल्या ओळखीची आहे.

मार्च 1954 मध्ये पूर्व बंगालच्या निवडणुकीत मुस्लिम लीगचा धुव्वा उडाला. 24 ऑक्टोबर 1954 रोजी गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी अख्खी संविधान सभाच बरखास्त केली. सभेचे अध्यक्ष मौलवी तमिजुद्दीन खान हे बंगाली गृहस्थ. पोलिसांना चुकवण्यासाठी ते बुरखा घालून न्यायालयात पोचले, असे सांगतात. सिंधच्या मुख्य न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु मार्च 1955 मध्ये सरन्यायाधीश मुनीर यांच्या फेडरल कोर्टाने तो फिरविला. कारण काय, तर सभेने केलेल्या कायद्यांना गव्हर्नर जनरलची संमती नव्हती! सात वर्षे अशी संमती लागते असे कोणी म्हटले नव्हते, खुद्द गव्हर्नर जनरलनेही नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या कॉर्नेलियस यांनी, एका ख्रिश्चन न्यायमूर्तीने, विरोधी निकाल लिहिला. बहुमताच्या निकालाने डझनावारी कायदे लटकले, तेव्हा मुनीर यांनी ‘गरजेचा सिद्धांत’ पुढे केला : एरवी बेकायदा ते राज्याच्या गरजेपोटी कायदेशीर.

दार एकदा उघडले ते उघडलेच. 1956 चे संविधान अडीच वर्षेच टिकले. ऑक्टोबर 1958 मध्ये अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी लष्करी कायदा पुकारला. यशस्वी क्रांती स्वतःच कायद्याचा उगम असते, असे मुनीर यांच्याच न्यायालयाने 27 ऑक्टोबरला म्हटले आणि त्याच रात्री अयूब खानांनी मिर्झांना हाकलले. प्रौढ मताधिकाराची पहिली देशव्यापी सार्वत्रिक निवडणूक डिसेंबर 1970 मध्ये झाली. अवामी लीगने 300 पैकी 160 जागा जिंकल्या. सत्ता देण्याऐवजी लष्कराने बंगाल्यांवर गोळ्या झाडल्या आणि 1971 मध्ये देश फुटला. याह्याखान सत्ता बळकावणारा होता, असा निर्भीड निकाल न्यायालयाने 1972 मध्ये दिला. तोवर याह्या सत्तेवर नव्हते, हे वेगळे सांगायला नको!

1973 च्या संविधानात भुट्टोंनी संविधान उलथविणे हा महाद्रोह ठरविला. 1977 मध्ये झियांनी ते बाजूला ठेवले. न्यायालयाने पुन्हा गरज मान्य केली, इतकेच नव्हे तर संविधान दुरुस्तीचा अधिकारही त्या सेनापतीला बहाल केला. 4 एप्रिल 1979 रोजी भुट्टो फासावर गेले. त्यांचा खटला न्याय्य रीतीने चालला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला मार्च 2024 मध्ये उमगले. झियांच्या इस्लामीकरणात धर्म कोणाच्या कामी आला, याचाही एक नमुना आहे. जमीन सुधारणेतील कमाल धारणेची मर्यादा शरियतविरोधी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत अपील पीठाने ठरविले. हारी म्हणजे सिंधमधील कूळ. त्यात आपले भिल्ल, कोळी, मेघवाडही आलेच. त्याच्या पदरी काय पडले?

मात्र एक अभिमानाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मार्च 2007 मध्ये मुशर्रफ यांनी सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरींना निलंबित केले, तेव्हा काळे कोट घातलेले वकील रस्त्यावर उतरले. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास भोगला. नोव्हेंबरमधील आणीबाणीत अनेक न्यायाधीशांनी नवी शपथ नाकारली आणि मार्च 2009 मध्ये चौधरी पुन्हा खुर्चीवर आले. याच चौधरींनी 2000 साली मुशर्रफ यांच्या हंगामी आदेशाखाली शपथ घेतली होती, हे खरे. पण लढले ते वकील मुसलमानच होते ना? मग लोकशाहीशी त्यांचे जमत नाही हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

त्या विजयाचे पुढे काय झाले तेही पाहू. मुशर्रफ यांना डिसेंबर 2019 मध्ये महाद्रोहाबद्दल फाशी सुनावली गेली. 2023 मध्ये ते दुबईत वारले आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. आजवर तेथील एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेली नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीने फील्ड मार्शलला तहहयात संरक्षण दिले आणि सर्वोच्च न्यायालयाचे घटनात्मक अधिकार नव्या न्यायालयाकडे वळविले. या वेळी न्यायालयाची सही घेण्याची गरजच पडली नाही, संसदेनेच काम केले. न्या. मन्सूर अली शाह आणि न्या. अतहर मिनल्ला यांनी राजीनामे देऊन घरचा रस्ता धरला.